मुका मार: कार्बन फायबरला धक्का लागतो तेव्हा आत काय घडते

विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली की संत्र्याच्या बागांच्या हानीची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. मी मात्र अशाच एका गारपिटीनंतर नागपुरातल्या आमच्या घरामागच्या छपरीवरच्या फायबरच्या पत्र्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. काचेच्या तंतूंवर रेझिन, म्हणजे नंतर घट्ट होणारा चिकट द्रव, ओतून बनवलेला, उजेड आत येऊ देणारा, हिरवट रंगाचा तो साधा पन्हाळी पत्रा होता. खाली उभे राहून वर पाहिले तेव्हा उन्हाच्या उजेडात पाच-सहा ठिकाणी पांढरट चांदण्या उमटलेल्या दिसल्या. शिडी लावून वरच्या बाजूने बोट फिरवले तर तिथे खड्डा नव्हता आणि ओरखडाही नव्हता. खालच्या बाजूला तोच डाग रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा होता आणि त्याच्या मधोमध नखाला एक बारीक, खरखरीत रेघ लागत होती. पुढची दोन वर्षे तो पत्रा वाऱ्यात फडफडत राहिला आणि मे महिन्यातल्या एका वादळात फाटला, तेव्हा चीर या चांदण्यांना जोडतच गेली होती.

मराठीत अशा दुखापतीला नेमका शब्द आहे: मुका मार. कातडी फाटत नाही, रक्त येत नाही, पण आत दुखणे बसलेले असते. तंतूंनी बळकट केलेल्या कंपोझिट पदार्थांच्या बाबतीत सगळ्यांत मोठी काळजी याच मुक्या माराची आहे. बनवताना राहून गेलेला दोष किंवा वापरताना लागलेला धक्का, पुन्हा पुन्हा येणाऱ्या भाराखाली अशा पदार्थाचे आयुष्य कसा कमी करतो, हे या लेखात समजून घ्यायचे आहे. माझ्या पत्र्यातला मार दिसला, कारण काचेचे तंतू आणि रेझिन दोन्ही प्रकाश जाऊ देतात आणि आतल्या बारीक भेगांवर तो विखुरला की ती जागा पांढरी दिसते. विमानात वापरला जाणारा कार्बनचा तंतू काळा असतो आणि त्यावर रंगही चढवलेला असतो, त्यामुळे तिथे ही सोय नाही.

कंपोझिट म्हणजे काय हे समजून घ्यायला विदर्भात बांबूइतके चांगले उदाहरण नाही. बुरड कारागीर बांबू चिरताना पाहावा. सुरीचे पाते टोकाला बसवून हलका दाब दिला की बांबू उभा, सरळ, पार दुसऱ्या टोकापर्यंत दुभंगतो. तोच बांबू आडवा तोडायचा म्हटले तर घाव घालावे लागतात. बांबूतले बळकट तंतू लांबीच्या दिशेने धावतात आणि त्यांना धरून ठेवणारा मधला पदार्थ त्यांच्या मानाने फार दुबळा असतो. अभियंते हेच हेतुपुरस्सर करतात. कार्बनचा एक तंतू साधारण ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या सुमारे दहाव्या भागाइतका असतो. असे असंख्य तंतू एका दिशेत मांडून, इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून, मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाइतका पातळ थर बनवतात. मग एक थर उभा, एक आडवा, एक तिरपा असे थरावर थर रचून, ऑटोक्लेव्ह नावाच्या मोठ्या दाबभट्टीत सुमारे १८० अंश सेल्सिअसला ते पक्के करतात. प्रत्येक थराच्या आत तंतू आहेत, पण एका थरातून दुसऱ्या थरात जाणारा तंतू एकही नाही. दोन थरांना एकमेकांशी बांधून ठेवणारे असते ते केवळ रेझिन, आणि पुढे जे काही बिघडते त्याची सुरुवात बहुतेक वेळा याच फटीत होते.

हा विषय नागपूरकरांना दूरचा वाटू नये. बोईंग ७८७ या विमानाच्या वजनात सुमारे निम्मा वाटा कंपोझिटचा आहे, त्याच्या केबिनच्या जमिनीखालचे कार्बन फायबरचे बीम आपल्या नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात तयार झाले आहेत, आणि बोईंगने एअर इंडियासाठी उभारलेले विमान दुरुस्तीचे केंद्रही तिथेच आहे. व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत किंवा हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांच्या आसपास शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कितीतरी जणांना उद्या या पदार्थावर हात ठेवून काम करायचे आहे, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी धातूचे थकणे पाहू, कारण आपली सगळी सवय धातूची आहे. लोखंडी तार हाताने तुटत नाही, पण दहा-वीस वेळा इकडेतिकडे वाकवली की तुटते. एका वेळच्या भाराने जे होत नाही ते वारंवारच्या भाराने होते, यालाच थकवा म्हणतात. १८४२ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला आणि त्यानंतर या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले. जर्मन रेल्वे अभियंता ऑगुस्ट व्योलर यांनी १८५० आणि १८६० च्या दशकांत आसांवर पद्धतशीर प्रयोग करून दाखवले की भार जितका जास्त, तितकी तो सोसण्याची आवर्तने, म्हणजे भार येऊन जाण्याच्या खेपा, कमी. धातूत बहुधा एक भेग जन्माला येते आणि ती दर आवर्तनाला किंचित पुढे सरकते. तिची लांबी मोजता येते, पुढच्या तपासणीपर्यंत ती कुठवर जाईल याचा हिशेब मांडता येतो आणि त्या हिशेबावर विमानाचे वेळापत्रक बसवता येते.

कंपोझिटमध्ये ती एक भेग सापडत नाही, कारण तिथे थकवा सगळ्या अंगात पसरतो. भार ज्या दिशेने येतो तिला आडवे असलेले थर आधी हार मानतात, कारण त्या थरांत भार ओढायला तंतू नसतात, सगळा ताण रेझिनवर येतो. त्यांत बारीक आडव्या भेगा पडू लागतात, त्यांची संख्या वाढत जाते, आणि एका टप्प्यावर त्या जवळपास ठरावीक अंतरावर येऊन थांबतात. अशा प्रत्येक भेगेचे टोक शेजारच्या थराला टेकलेले असते. त्या टोकापाशी आणि तुकड्याच्या मोकळ्या कडांपाशी थर एकमेकांपासून सुटायला लागतात. सरतेशेवटी भाराच्या दिशेतले तंतू तुटू लागतात आणि मग मोडणे अचानक येते. ताठपणा मोजत गेलो तर तो सुरुवातीला झटकन थोडा उतरतो, मग आयुष्याचा मोठा भाग संथपणे उतरत राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. मधला काळ एवढा लांब आणि शांत असतो की वस्तू ठणठणीत आहे असे वाटत राहावे.

पदार्थ निर्दोष असेल आणि भार ओढणारा असेल तर कंपोझिटचे थकणे फार सौम्य असते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. तंतूंच्या दिशेने ओढलेले कार्बन फायबर लाखो आवर्तनांनंतरही आपल्या मूळ ताकदीचा मोठा हिस्सा राखून असते. या बाबतीत ॲल्युमिनियम त्याच्या जवळपासही येत नाही. काचेच्या तंतूंचे तसे नाही. तिथे आवर्तनांची संख्या दहापट झाली की सोसता येणारा भार मूळ ताकदीच्या सुमारे १० टक्क्यांनी घटतो, असा ढोबळ अनुभव आहे. म्हणजे दहा लाख आवर्तने सोसायची असतील तर एका वेळच्या ताकदीच्या सुमारे ४० टक्क्यांवरच थांबावे लागते. पवनचक्कीची पाती बहुतांशी काचेच्या तंतूंची असतात, म्हणून सातारा-धुळ्याच्या पठारांवर फिरणाऱ्या पात्यांसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. मिनिटाला १५ फेरे घेणारे पाते २० वर्षे सतत फिरले तर १५ कोटींहून अधिक फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात पात्याच्या स्वतःच्या वजनाने कडेवरचा ताण एकदा उलटसुलट होतो.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना नेहमी चकित करते. भोक पाडलेला कंपोझिटचा तुकडा काही काळ ओढ-सैल, ओढ-सैल केला आणि मग तोडून पाहिला, तर पुष्कळदा तो नव्या तुकड्यापेक्षा जास्त ओढ सोसतो. भोकाच्या कडेला ताण एकवटलेला असतो. थकव्याने तिथे तंतूंच्या दिशेने बारीक चिरा पडतात आणि एकवटलेला ताण त्या चिरांमुळे सैल होतो. धातूत असे होत नाही. म्हणूनच धातूवर पोसलेली अंतःप्रेरणा जशीच्या तशी इथे लावू नये. एवढे ऐकून कंपोझिटची काळजी करण्यासारखे काही नाही असे वाटेल, पण हे सारे ओढीच्या भाराबद्दल आहे. भार दाबणारा असेल, किंवा ओढ आणि दाब आलटून पालटून येत असतील, तर चित्र पालटते. ओढताना तंतू काम करतात. दाबताना तंतूंना वाकू न देण्याचे काम रेझिनला करावे लागते. दोष आणि धक्के नेमके रेझिनलाच पांगळे करतात.

बनवतानाच्या दोषांत सगळ्यांत नेहमीचा दोष म्हणजे आत राहिलेली हवा किंवा वाफ, म्हणजेच बारीक पोकळ्या. इडलीच्या पिठात बुडबुडे हवेतच, इथे मात्र ते नकोत. रेझिन पक्के होताना दाब कमी पडला, थरांत दमट हवेची ओल राहिली, किंवा थर बसवताना मधली हवा नीट काढली नाही की पोकळ्या राहतात, आणि त्या बहुधा दोन थरांच्या मधल्या फटीतच जाऊन बसतात. थर एकमेकांवरून सरकवू पाहणाऱ्या बलाला रोखण्याची ताकद पोकळ्यांच्या दर एका टक्क्यामागे साधारण ७ टक्क्यांनी घटते, असा जुना आणि बराच वापरला जाणारा ठोकताळा आहे. म्हणून विमानाच्या मुख्य भागांत पोकळ्यांचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्क्यांच्या आत ठेवतात. थकव्याच्या दृष्टीने पोकळ्यांचा आकार आणि जागा टक्केवारीइतकीच महत्त्वाची ठरते. विखुरलेल्या गोल, लहान पोकळ्या पुष्कळ काळ निरुपद्रवी राहतील. पण लांबट, चपटी, दोन थरांच्या मध्ये आडवी पसरलेली एकच पोकळी ही आयती भेग असते. तिच्या बाबतीत भेग जन्माला येण्याचा काळ वजा होतो आणि थकवा थेट भेग वाढण्याच्या टप्प्यापासून सुरू होतो.

माझ्या मते पोकळ्यांपेक्षाही फसवा दोष म्हणजे तंतूंची लाट. साचा वळणदार असेल, थर थोडा सैल बसला असेल, किंवा भट्टीत दाब येताना आतला थर सरकला असेल, तर सरळ असायला हवे ते तंतू नागमोडी होतात, सतरंजीला पडलेल्या सुरकुतीसारखे. ओढीच्या भाराला याने फारसे बिघडत नाही. दाबाच्या भाराला मात्र दोन-तीन अंशांचा तिरपेपणाही जाचतो, कारण आधीच वाकलेली काडी दाबली की ती आणखी वाकते. लाटेच्या जागी दर आवर्तनाला रेझिन थोडे थोडे कातरले जाते, मग एक दिवस तंतूंची एक पट्टीच्या पट्टी घडी पडल्यासारखी मोडते. पवनचक्कीच्या पात्यांच्या जाड कण्यात ही लाट हा एक ओळखीचा आणि खर्चिक दोष आहे. आणखी एक साधी चूक असते. रेझिनमध्ये भिजवलेल्या प्रत्येक थराला पाठीमागे प्लास्टिकचा किंवा मेणकागदाचा पापुद्रा असतो, तो काढूनच थर बसवायचा; त्याचा एखादा तुकडा आत राहिला तर तेवढ्या जागेत दोन थर कधी जोडलेच जात नाहीत. थर रचणाऱ्या कामगाराकडून काढलेले पापुद्रे मोजून घेण्याची पद्धत असते ती याच कारणाने.

आता धक्का. दोन किलोचे अवजार छातीच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे १.४ मीटरवरून पडले तर ते सुमारे २७ ज्यूल ऊर्जा घेऊन आदळते. ४ मिलिमीटर जाडीच्या कंपोझिट तुकड्यावर प्रयोगशाळेत जो प्रमाणित आघात करतात, तो जवळपास एवढाच असतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ते अवजार पडले असते तर पोचा आला असता. धातू वाहतो, वाकतो, ऊर्जा गिळतो आणि आपल्या अंगावर खूण ठेवतो. कार्बन फायबर असे वाहत नाही. ते लवते, पुन्हा सरळ होते, आणि लवताना गिळलेली ऊर्जा आतल्या भेगांत खर्च करते. आदळलेल्या जागेखाली रेझिनमध्ये तिरप्या भेगा पडतात. त्या थराच्या सीमेवर पोचल्या की तिथे आडव्या पसरतात आणि थर सुटतात. वरून पाहिले तर प्रत्येक सुटलेला भाग भुईमुगाच्या शेंगेसारखा दिसतो, दोन फुगीर टोके आणि मध्ये कंबर, आणि शेंगेची लांबी बहुधा तिच्या खालच्या थराच्या तंतूंच्या दिशेने असते. थरागणिक शेंगेची दिशा बदलते आणि खाली खाली जाताना ती मोठी होत जाते, त्यामुळे सगळा मिळून आकार वर निमुळता आणि खाली पसरट होतो. माझ्या पत्र्यावर वरून काही न लागता खाली नाण्याहून मोठा डाग दिसला, त्याचे कारण हेच.

थर सुटले म्हणजे नेमके काय बिघडले, हे घरी करून पाहता येते. बांबूची एक जाड कामटी घ्या आणि तिच्याच जाडीच्या एक-चतुर्थांश अशा चार पातळ कामट्या घ्या. चारही एकावर एक ठेवल्या तरी एकत्र जाडी तीच, बांबूही तोच, पण जाड कामटी हातात ताठ राहते आणि चार पातळ कामट्या सहज वाकतात. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. एक-चतुर्थांश जाडीच्या कामटीचा विरोध चौसष्टावा भाग, आणि अशा चार मिळून सोळावा भाग. एकही तंतू न तुटता, केवळ थर सुटल्यामुळे, त्या जागेचा ताठपणा सोळा पटींनी घटू शकतो. मग दाबाचा भार आला की सुटलेला पातळ थर पापडासारखा बाहेर फुगतो. अशा मुक्या माराने दाब सोसण्याची ताकद निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. ओढ सोसण्याची ताकद तुलनेने कमी घटते.

थकव्याचे काम इथून पुढे सुरू होते. दर वेळी दाब आला की सुटलेला थर फुगतो आणि फुगताना आपल्या कडांना उचलतो, जसे पाकिटाचे तोंड उघडताना डिंक कडेकडेने सुटत जातो. भार गेला की थर पुन्हा बसतो, दिसायला जागच्या जागी. धातूची भेग आणि ही फट यांच्या वागण्यातला एक फरक फार महत्त्वाचा आहे. धातूत भार थोडा वाढला तर भेगेचा वेग वाढतो, पण हिशेबात राहण्याइतका. थर सुटण्याच्या बाबतीत भाराच्या थोड्या वाढीने वेग कित्येक पटींनी वाढतो. भार एका मर्यादेखाली असला तर फट जवळजवळ हलतच नाही आणि भार त्या मर्यादेच्या जरा वर गेला की ती भराभर पसरते. ही फट आज इतकी आहे, सहा महिन्यांनी इतकी होईल, मग दुरुस्त करू, असे म्हणायला मधली जागाच उरत नाही. म्हणूनच विमानाच्या कंपोझिट भागांची रचना बहुधा वेगळ्या तत्त्वावर करतात: न दिसणारा मार आहेच असे गृहीत धरायचे आणि तो विमानाच्या संपूर्ण आयुष्यात वाढणारच नाही इतका ताण कमी ठेवायचा. कार्बन फायबरची कागदावरची ताकद आणि प्रत्यक्षात वापरली जाणारी ताकद यांत जे मोठे अंतर दिसते, त्याचे मोठे कारण हे आहे. त्यासाठी मुद्दाम मार दिलेले तुकडे आणि पूर्ण पंखही यंत्रावर चढवून तपासतात. यंत्राची घाई करता येत नाही, कारण फार वेगाने हलवले तर रेझिन आतून तापते. सेकंदाला ५ आवर्तनांनी दहा लाख आवर्तने व्हायला ५५ तास लागतात.

अमेरिकी विमान नियामकाने २००९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक पत्रकात कंपोझिटच्या नुकसानीचे पाच वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गात तपासणीत न दिसणारा किंवा जेमतेम दिसणारा मार आणि बनवतानाचे मान्य केलेले दोष येतात. एवढे अंगावर असूनही त्या भागाने, प्रत्यक्ष सेवेत अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार, आयुष्यभर केव्हाही सोसला पाहिजे. पुढच्या वर्गांत मार जसा मोठा, तसा तो लवकर सापडायला हवा आणि तोवर सोसायचा भार कमी. पाचवा वर्ग शेवटी घेतो.

मधला हलका गाभा आणि दोन्ही बाजूंना कंपोझिटचे पातळ पडदे अशा सँडविच रचनेत एक निराळी भर पडते. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या गाभ्याच्या घरांत कोंडलेली हवा विमान उंच गेले की पडद्याला बाहेर ढकलते, खाली आले की ढकलणे थांबते. म्हणजे प्रत्येक उड्डाण हे सुटलेल्या पडद्यासाठी एक आवर्तनच असते. त्यात पाणी शिरले असेल तर ते वर गोठते आणि खाली वितळते. ६ मार्च २००५ रोजी क्युबातल्या वारादेरोहून कॅनडाकडे निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबस ए३१० विमानाचे दिशासुकाणू उड्डाणातच निखळून पडले. वैमानिकांनी विमान परत वारादेरोला सुखरूप उतरवले. कॅनडाच्या तपासयंत्रणेचा निष्कर्ष असा होता की पडदा गाभ्यापासून सुटण्याचे किंवा गाभ्यातल्या फुटीचे नुकसान उड्डाणाआधीच झालेले होते आणि ते हवेत वाढले.

हे शोधायचे कसे? नागपुरात एप्रिल लागला की माठ घ्यायला गेलेला माणूस बोटाच्या पेराने माठ वाजवून पाहतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा. कंपोझिटची सगळ्यांत जुनी तपासणी हीच आहे. नाण्याने किंवा हलक्या हातोडीने टिकटिक करत पुढे जायचे. सुटलेल्या थराचा आवाज बद्द येतो. कानाला सवय लागली की हे फार चांगले जमते, विशेषतः पातळ पडद्यांवर. खोलवर, जाड भागात मात्र कान पुरत नाही. तिथे कानाला ऐकू न येणाऱ्या श्राव्यातीत ध्वनिलहरी आत सोडून त्यांचा परतणारा प्रतिध्वनी पाहतात. पृष्ठभाग किंचित तापवून उष्णतेच्या कॅमेऱ्याने पाहण्याचीही पद्धत आहे, कारण फटीवरची जागा शेजारपेक्षा वेगळ्या वेगाने निवते. नुसत्या डोळ्यांवर विसंबण्यात आणखी एक धोका आहे. धक्क्याने पडलेला बारीक खड्डा कायम तेवढाच राहत नाही. काळ, ओल, उष्णता आणि वारंवारचा भार यांमुळे तो उथळ होत जातो. धक्का लागला त्या दिवशी जो डाग दिसला असता तो काही महिन्यांनी दिसेलच असे नाही, आणि आतल्या शेंगा मात्र होत्या तिथेच असतात.

नागपूरच्या उन्हाळ्याचा इथे थेट संबंध आहे. मे महिन्यात सावलीतले तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते तेव्हा उन्हात उभ्या विमानाच्या गडद पृष्ठभागाचे तापमान ७०-८० अंशांच्या घरात जाऊ शकते. इपॉक्सी रेझिन उष्णतेने मऊ पडते, आणि ते आधी ओल शोषून बसलेले असेल तर आणखी कमी तापमानाला मऊ पडते. चांगले कार्बन-इपॉक्सीसुद्धा दमट हवेत वर्षानुवर्षे राहून वजनाच्या सुमारे एक ते दीड टक्का पाणी पिते. पावसाळाभर ओल प्यायलेले आणि मग तापलेले रेझिन तंतूंना दाबाखाली सरळ धरून ठेवण्यात कमी पडते. म्हणून दाबाच्या ताकदीची खरी कसोटी ओल पाजून आणि तापवून घेतात. कोरड्या, थंड प्रयोगशाळेतला आकडा त्या कामाचा नसतो.

राहिला पाचवा वर्ग: रचना करताना गृहीत न धरलेला, अतिमोठा धक्का. त्यातला सगळ्यांत कठीण प्रकार धावपट्टीवर घडत नाही, विमान उभे असताना घडतो. सामान चढवणारी किंवा जेवण पोचवणारी गाडी मागे घेताना तिचा रबरी बंपर विमानाच्या अंगाला लागतो. रबर मऊ आणि रुंद असल्यामुळे बाहेरच्या कातडीवर खूण पडत नाही. कातडी आत लवते आणि गाडी हटताच सरळ होते. पण त्या लवण्याचा भार आत कातडीला चिकटवलेल्या पट्ट्यांवर आणि बरगड्यांवर गेलेला असतो. पट्ट्या सुटलेल्या असू शकतात, बरगड्या तडकलेल्या असू शकतात. हा मार न वाढण्याच्या कोणत्याही हिशेबात बसवलेला नाही, आणि बाहेरून चालत तपासणी करणाऱ्या तंत्रज्ञाला तो दिसण्याची शक्यता नाही. त्याच मार्गदर्शक पत्रकात म्हणून स्पष्ट म्हटले आहे की इथे भिस्त धक्का पाहणाऱ्या किंवा देणाऱ्या माणसाच्या सांगण्यावर आहे. गाडीच्या चालकाने ‘लागली’ एवढे सांगितले, की त्या जागेच्या आतल्या बाजूचे अस्तर आणि उष्णतारोधक गाद्या काढतात, बॅटरीच्या उजेडात बरगड्या एकेक करून पाहतात, पट्ट्यांवरून ध्वनिलहरींचे यंत्र फिरवतात, आणि तोवर ते विमान उडवत नाहीत.